दोन मुठी मीठ

खोलीत चव्वेचाळीस बरण्या होत्या. एकेका बरणीत तीन लिटर पाणी, सहा जळवा आणि तोंडाला पातळ फडकं. फडकं सुतळीने बांधायचं, रबराने नाही. रबर सैल पडतं, आणि जळूला नखाएवढी फट पुरते. मामांनी हे पहिल्याच आठवड्यात ठरवलं आणि पुढे एकोणीस वर्षं त्यात बदल केला नाही.

प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर त्यांच्यापुढे 'प्राणिगृह परिचर' लिहिलेलं होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. मोठ्या सरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत.

नळाचं ताजं पाणी जळूला चालत नाही. त्यातल्या औषधाने ती मरते. म्हणून पाणी अंगणातल्या दोन ड्रमांत भरून ठेवायचं, दोन दिवस उघडं राहू द्यायचं, मग वापरायचं. ड्रम दोनशे लिटरचे. एक निवत असताना दुसरा उपसायचा. खोली पहिल्या मजल्यावर, मध्ये बावीस पायऱ्या. रोज निम्म्या बरण्यांचं पाणी बदलायचं म्हणजे सहासष्ट लिटर. बारा लिटरच्या दोन बादल्या दोन हातांत, अशा तीन खेपा. बादली काठोकाठ भरायची नाही, कारण सांडलेलं पाणी पुसायला वाकणं म्हणजे चौथी खेप. तीन खेपांना मामांना सतरा मिनिटं लागत. पन्नाशीनंतर एकोणीस लागू लागली.

वर्षातून तीनदा जळवांना जेवण असे. खाटकाकडून रक्त आणायचं, ते आतड्याच्या पिशवीत भरून कोमट करायचं आणि बरणीत सोडायचं. जळू फुगून अंगठ्याएवढी होते. मग आठ दिवस बरण्या घाण होतात, दिवसातून दोनदा पाणी बदलावं लागतं, जादा ड्रम मांडावे लागतात, आणि खेपा बारा होतात. त्या आठवड्यात मामांशी कुणी थट्टामस्करी करत नसे.

त्यांना ही नोकरी मिळाली ती वडिलांमुळे. वडील तळ्यात गुडघाभर पाण्यात उघड्या पायांनी उभे राहायचे, जळवा चिकटल्या की काठावर यायचे आणि डब्यात झाडायचे. दवाखान्यांना पुरवायचे. मरेपर्यंत त्यांच्या नडग्यांवर तीन टोकांच्या चांदण्यांसारखे व्रण होते. जळू कशी धरावी, कशी सोडवावी, ती कधी आजारी पडते, हे सगळं मामांना वयाच्या दहाव्या वर्षी येत होतं.

ताई आल्या तेव्हा मामांची नोकरी संपायला तीन वर्षांहून जरा जास्त काळ उरला होता. ताई तिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला भराभर. तीन वर्षांच्या कामावर घेतलं होतं त्यांना. तीन वर्षांत काही नवं निघालं तर जागा कायम होणार, नाही तर रामराम. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मामांना सांगून टाकलं, जणू मामाच कायम करणार होते.

त्यांचं काम जळूच्या कातडीवर होतं. जळू बर्फात सुन्न करायची, पाठीची कातडी कापून काढायची आणि काचेच्या दोन छोट्या वाट्यांच्या मध्ये पडद्यासारखी ताणून बसवायची. दोन्हीकडे पाणी. कातडी एका बाजूचं मीठ ओढून दुसरीकडे नेते, आणि ते किती नेते ते यंत्रावर आकड्यात दिसतं.

"मेल्यावरपण ओढते?" मामांनी विचारलं.

"कातडी काही तास जिवंत असते मामा. तिला कळलेलं नसतं."

"आमच्या ऑफिसातल्यासारखं," दारातून स्टोअरकीपर म्हणाला. त्याचं टेबल समोरच्याच खोलीत होतं आणि त्याला काम कमी होतं.

ताई हसल्या. मग मामांना बरणीजवळ घेऊन गेल्या. "ही बघा, गोड्या पाण्यात राहते. हिच्या अंगात मीठ आहे, बाहेर जवळजवळ नाही. मग पाणी कातडीतून आत घुसतंच. ते हिने बाहेर टाकलं नाही तर ही फुगून मरेल. म्हणून पोटाला बारीक छिद्रांच्या सतरा जोड्या असतात, त्यांतून ही रात्रंदिवस पाणी टाकत असते."

"म्हणजे मुतत असते म्हणा."

"तेच ते. आणि त्या पाण्याबरोबर थोडं थोडं मीठ जातं. ते परत आणायचं कुठून? ह्याच फिक्या पाण्यातून. कातडी एकेक कण वेचून आत ओढते. आपोआप नाही होत ते. जोर लागतो."

"ती तर नुसती पडलेली दिसते."

"दिसते. पण आत उपसा चालू असतो. गांडुळाचंही तेच, ओल्या मातीत. एक मिनिट सुट्टी नाही."

मामांना हे पटलं. सोळा वर्षं ते जळूला आळशी समजत आले होते. खाणं वर्षातून तीनदा, बाकी बरणीच्या काचेला चिकटून राहणं. आता पाणी ओतताना ते तिच्याकडे निराळ्या नजरेने बघू लागले. ही पाणी बाहेर टाकते, आपण आत आणतो. दोघांचं काम पाण्याचंच.

पहिलं वर्ष बरं गेलं. पहिला उन्हाळा यंत्र जुळवण्यातच गेला, पुढे त्यावरचा आकडा वीसच्या आसपास येई. ताईंनी ड्रममधलं पाणी चार वेळा तपासलं, चारही वेळा सारखंच निघालं, मग तपासणं सोडलं. मामांच्या पाण्यात फरक पडत नाही, असं त्यांनी वहीत लिहून ठेवलं आणि मामांना वाचून दाखवलं. मामांनी ते घरी जाऊन बायकोला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा कडक आला. बरण्यांतल्या जळवा तळाला जाऊन दोरीसारख्या पडू लागल्या. अंगावर पांढरा बुळबुळीत थर. पहिल्या दिवशी सहा मेल्या, दुसऱ्या दिवशी अकरा, चौथ्या दिवशी एकोणीस. मामांनी बर्फ आणला, खिडक्यांना ओली पोती लावली, पाणी रोज सगळ्या बरण्यांचं बदललं. म्हणजे सहा खेपा. उपयोग झाला नाही. ताई वहीत मेलेल्यांच्या खुणा करत होत्या आणि त्यांचा आवाज दिवसेंदिवस खाली जात होता.

पाचव्या दिवशी मामांना वडिलांचं आठवलं. जळवा गळाठल्या की ते पाण्यात मीठ टाकायचे. जळूवर मीठ पडलं की ती मरते हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नसे. थोडं, भरपूर पाण्यात. आणि कुणाला सांगायचं नाही. धंद्यातली गोष्ट धंद्यातच ठेवायची, नाही तर उद्या दवाखानेच जळवा पाळतील, असं ते म्हणत.

ताईंनी जे सांगितलं होतं तेही मामांच्या डोक्यात होतंच. उन्हाने दमलेली जळू मीठ ओढत बसली आहे. मग थोडं मीठ तिच्या हाताशी दिलं तर बिचारीचं ओझं कमी होईल. सरळ गोष्ट. त्यांनी दुकानातून मिठाची पिशवी आणली आणि दर ड्रममागे दोन मुठी टाकायला सुरुवात केली.

चार दिवसांत मरणं थांबलं.

"काय केलंत मामा?" ताईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काही नाही. पाणी दोनाऐवजी तीन दिवस निवू दिलं."

ताईंनी तेही वहीत लिहिलं. मामांना ते बघून थोडं कसंसं झालं. पण वडिलांची शिकवण होती, आणि जळवा जगल्या होत्या.

मग यंत्रावरचा आकडा घसरला. वीसचा पंधरा, पंधराचा अकरा, शेवटी नऊ. ताईंनी यंत्र खोलून घेतलं, वायरमनने सगळ्या वायरी बदलल्या, आकडा नऊच. उन्हाने कातडी ढिली पडत असेल, असं ताई म्हणाल्या. मामांनाही ते खरं वाटलं. उन्हाने माणूसही ढिला पडतोच. उन्हाळा सरल्यावर मामांनी मीठ बंद केलं. आकडा हळूहळू वर चढला आणि एकोणीसवर येऊन थांबला.

तिसऱ्या उन्हाळ्यात पहिल्याच आठवड्यात चार जळवा मेल्या. मामांनी वाट बघितली नाही. दोन मुठी. आकडा पुन्हा नऊ. उन्हाळा संपला, मीठ बंद झालं, आकडा पुन्हा वर.

एका सकाळी ताई खोलीत आल्या त्या एक मोठा कागद घेऊनच. तो त्यांनी बरण्यांच्या फळीवर पसरला. कागदावर एक रेघ होती. वर जाणारी, एकदम खाली पडणारी, परत वर जाणारी, परत पडणारी.

"हे बघा मामा. मी उगाच रडत होते. यंत्र बरोबर होतं. उन्हाळा आला की यांची कातडी मीठ ओढणं निम्म्यावर आणते. लागोपाठ दोन वर्षं, त्याच वेळेला. हे कुणी लिहिलेलं नाही अजून. मोठे सर काल म्हणाले, ह्यावर तुझी जागा कायम."

"अरे वा," मामा म्हणाले.

"का ते अजून कळत नाही. पण बघा ना, उन्हाळ्यात जणू यांना बाहेरून मीठ ओढायची गरजच राहत नाही."

मामांनी कागदाकडे बघितलं. रेघ पहिल्यांदा जिथे पडत होती तिथे खाली तारीख होती. त्या तारखेला त्यांनी मिठाची पहिली पिशवी आणली होती. दुसऱ्यांदा पडत होती तिथली तारीख त्यांना आठवत नव्हती, पण आठवडा आठवत होता.

"मामा, बसा. घाम आलाय तुम्हाला."

"पायऱ्या," मामा म्हणाले.

त्या दिवशी तिसऱ्या खेपेला ते मधल्या वळणावर बादल्या खाली ठेवून उभे राहिले. स्टोअरकीपरने बघितलं. "काय मामा, जळवांनी तुमचंच पाणी उपसलं की काय?" त्याने उठून एक बादली वर नेऊन दिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

घरी बायको उशांचे अभ्रे शिवत होती. मामांनी सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही, पण वेग कमी केला.

"म्हणजे त्या पोरीचा शोध म्हणजे तुमचं मीठ."

"हं."

"कुणाला कळेल?"

"नाही. कसं कळेल? आकडा परत वर गेलाय. पुढच्या उन्हाळ्यात मी नसेन. नवा माणूस मीठ टाकणार नाही, आकडा पडणार नाही. लोक म्हणतील, ह्या वर्षी ऊन कमी होतं."

"मग गप्प बसा. तुमचे तीन महिने राहिलेत. तिची आयुष्यभराची सोय होतेय. अहो, जळवांच्या कातडीवाचून कुणाचं काय अडलंय?"

"उद्या कुणी तिच्या कागदावर विसंबून तेच करायला बसला तर? तोही तीन वर्षं घालवील."

"त्याचं तो बघेल. तुम्ही काय त्याचे मामा?"

मामांना हसू आलं नाही. ती म्हणत होती त्यात चूक काढता येत नव्हती. तरी मन मानेना. पाणी आपण भरलं. तीन वर्षं भरलं. पाण्यात फरक नाही असं ताई लिहून बसल्या आहेत.

चार दिवस त्यांनी काढले. ताईंचा लेख सोमवारी जायचा होता. शनिवारी दुपारी सगळे गेल्यावर ताई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. मामा दारात उभे राहिले.

"ताई, उन्हाळ्यात ड्रममध्ये मीठ टाकत होतो मी."

ताई लिहीत होत्या. त्यांनी वाक्य पुरं केलं. मग वर बघितलं.

"किती?"

"दोन मुठी. ड्रममागे."

"कधीपासून कधीपर्यंत?"

मामांनी सांगितलं. जेवढं पक्कं आठवत होतं तेवढं पक्कं, जिथे खात्री नव्हती तिथे तसं. ताईंनी तारखा लिहून घेतल्या आणि तो मोठा कागद काढून एकेक तारीख बोटाने शोधली. बोट प्रत्येक वेळी त्याच जागी थांबत होतं.

"मूठ म्हणजे किती?"

मामा खाली गेले, ड्रमांच्या आडोशाला राहिलेली मिठाची पिशवी घेऊन आले. ताईंच्या काट्यावर एक मूठ टाकली. अठ्ठेचाळीस ग्रॅम. दुसरी सत्तेचाळीस. तिसरी अठ्ठेचाळीस.

"माझ्या यंत्रापेक्षा तुमची मूठ बरी आहे," ताई म्हणाल्या. त्या हसल्या, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी तुटलं. "म्हणजे मीठ समोर होतं म्हणून ओढणं कमी केलं त्यांनी. एवढंच. हे लोकांना पूर्वीच माहीत आहे मामा. ह्यात नवीन काही नाही." मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत? विचारलं होतं मी."

"धंद्यात सांगायची रीत नव्हती."

"हा धंदा नव्हता ना पण."

मामांनी मिठाच्या पिशवीला गाठ मारली.

"पाणी तपासणं मी सोडलं," ताई म्हणाल्या. "तेही आहेच." मग त्यांनी कागदाची घडी घातली. "कदाचित उन्हाचाही भाग असेल. थोडा तरी. खात्री करून घेऊ. लेख सहा आठवडे थांबवते."

खात्री अशी ठरली. आता थंडी होती, म्हणजे उन्हाचा प्रश्न नव्हता. निम्म्या बरण्यांना मिठाचं पाणी, निम्म्यांना साधं. मिठाच्या बरण्यांचाही आकडा वरच राहिला, तर मीठ निर्दोष आणि उन्हाळ्याची गोष्ट खरी. आकडा पडला, तर सगळं संपलं.

"कुठल्या बरण्यांत मीठ आहे ते मला कळता कामा नये," ताई म्हणाल्या. "कळलं तर माझे डोळे हवं तेच वाचतील. बरण्यांना नुसते नंबर घाला. यादी तुमच्या खिशात. टाकायचं ते तुम्हीच टाका. मी विचारणार नाही."

मामांनी आणखी दोन ड्रम मागवले. दोन मिठाचे, दोन साधे. बादल्याही निराळ्या केल्या, मिठाच्या बादलीच्या कडीला दोरा बांधला आणि तो ताईंना दिसू नये म्हणून बादल्या जिन्याखाली ठेवल्या.

पहिल्या सकाळी मिठाची मूठ भरून ते ड्रमपाशी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मूठ उघडली नाही तरी कुणाला कळणार नाही. चारही ड्रम साधे राहतील, सगळ्या बरण्यांचा आकडा एकोणीस येईल, मीठ निर्दोष ठरेल, लेख जाईल, ताई राहतील. त्यांनी तर चूक कबूलही केली होती. आता फक्त हात मिटलेला ठेवायचा होता. ताईंच्या टेबलावर एरवी पाण्यातलं मीठ मोजायचं छोटं यंत्र असे. पेनाएवढं. बरणीत बुडवलं की क्षणात कळतं. ते त्यांनी कपाटात ठेवून दिलं होतं, मामांच्या देखत.

मामा बराच वेळ तिथे उभे होते. हाताला घाम आला आणि मिठाचा गोळा होऊ लागला. मग त्यांनी मूठ उघडली. हाताला चिकटलेलं पाण्यात हलवून सोडलं, म्हणजे वजन कमी भरू नये. दुसरी मूठ टाकली. काठीने दोनशे वेळा ढवळलं.

हे त्यांना सहा आठवड्यांत चौदा वेळा करावं लागलं. आठव्या वेळेला ते पहिल्या वेळेपेक्षा सोपं झालं असेल असं वाटेल, पण नाही झालं. ताई रोज जिन्यात भेटत. "काय मामा?" म्हणत. "चाललंय," मामा म्हणत. यापलीकडे बोलणं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात ताईंनी कातड्या काढायला घेतल्या. एक बरणी, एक जळू, एक आकडा. मामा वहीत लिहीत होते. एकोणीस. अठरा. नऊ. वीस. दहा. आठ. एकोणीस. ताईंना यादीची गरज नव्हती. आकड्यांचे दोन ढीग आपोआप पडत होते, मधलं काही नव्हतं. तेहतिसाव्या बरणीला त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"दाखवा यादी."

मामांनी खिशातून घडी काढून दिली. ताईंनी ती वहीशेजारी ठेवली आणि वरून खालपर्यंत बघितली. एकही चुकली नव्हती.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही टाकणार नाही."

मामांना त्यांच्याकडे बघता आलं नाही. "टाकलं ताई."

"हो. दिसतंय."

कुठेतरी नळ गळत होता. ताईंनी हातमोजे नीट ओढून घेतले आणि चौतिसावी बरणी पुढे घेतली. उरलेल्या अकरा बरण्यांचे आकडे घ्यायची आता काही गरज नव्हती. दोघांनी ते घेतले. संध्याकाळ झाली.

महिनाअखेर ताई गेल्या. कुठल्याशा शाळेत शिकवायला लागल्या असं स्टोअरकीपरने सांगितलं. पत्र आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. मोठ्या सरांनी मामांना बोलावून दहा मिनिटं सुनावलं आणि वयाकडे बघून सोडलं. जळवांचं काम बंद झालं. राहिलेल्या जळवा स्पिरिटात टाकायचा हुकूम आला, तो मामांनी एका दुपारी पार पाडला, बरण्या धुतल्या, आणि निवृत्तीपर्यंतचे दिवस दुसऱ्या मजल्यावर उंदरांचे पिंजरे साफ करून काढले.

आता ते घरी असतात. कधी कधी जेवता जेवता थांबतात आणि मध्येच म्हणतात, "मीठ टाकायला नको होतं."

"कुठलं?" बायको विचारते. "उन्हाळ्यातलं की नंतरचं?"

मामा पुढचा घास घेतात.